सात नंबरचा तुरा

सबनीसकाका रोज सकाळी साडेसहाला कोंबड्यांच्या तुऱ्यांना व्हॅसलीन लावतात. एकेकीला काखेत धरायचं, करंगळीच्या टोकावर हरभऱ्याएवढं व्हॅसलीन घ्यायचं आणि तुऱ्याच्या एकेका दात्याला, मग गळ्याखाली लोंबणाऱ्या लाल कातडीला हळूच चोळायचं. अंगात चमकणारं पिवळं जॅकेट, डोक्याला कानटोपी आणि कानटोपीवर हेल्मेट. हे सगळं कशासाठी, तर कोंबड्यांना हिमदंश होऊ नये म्हणून. यात एवढं नवल काय, असं तुम्हाला वाटत असेल तर पत्ता सांगते. अल ऐन, संयुक्त अरब अमिराती.

इथे उन्हाळ्यात नळाचं थंड पाणी अंगावर घेतलं तर पोळतं. हिवाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारीत लोक हौसेने स्वेटर घालतात आणि दुपारी बारापर्यंत काढूनही टाकतात. अशा गावात माणसाने हिमदंशाची धास्ती घ्यावी म्हणजे कमालच. माझी आठ वर्षांची इरा त्यांना एकदा म्हणाली, "काका, इट्स लिटरली एटीन डिग्रीज." काकांनी तिला शांतपणे उत्तर दिलं, "बाळ, अपघात होण्याच्या आदल्या दिवशी सगळं नॉर्मलच असतं."

आमची ओळख घराच्या निमित्ताने झाली. मी इथल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. शहरातली भाडी बघून आम्ही अल ऐनच्या बाहेर, रस्त्यावरचे दिवे संपतात आणि वाळू सुरू होते तिथे, एका अरबाच्या मळ्यातल्या घराचा अर्धा भाग भाड्याने घेतला. उरलेल्या अर्ध्यात काका आधीपासून राहत होते. घरमालक अबू राशिद. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर हिंदुस्थानी व्यापाऱ्यांशी व्यवहार केल्यामुळे हिंदी फर्डी बोलतो, फक्त लिंग-वचनाच्या भानगडीत पडत नाही. मळ्यात पंचवीसेक खजुराची झाडं, पाण्याचा पंप आणि एक खुराडं. खुराड्यात अकरा कोंबड्या. कोंबड्या अबू राशिदच्या, पण त्यांची देखभाल काकांची. ती त्यांना कुणी सांगितलेली नव्हती, पगार तर नव्हताच.

काका पेशाने सेफ्टी ऑफिसर. बांधकामाच्या साइटवर कुणाचा पाय घसरू नये, कुणाच्या डोक्यात काही पडू नये आणि कुणी उन्हाने कोसळू नये, हे बघायचं त्यांचं काम. अठ्ठावीस वर्षं झाली. आधी दुबईला होते तेव्हा पहाटे मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात जाऊन बसमध्ये चढणाऱ्या एकेका माणसाची बाटली हलवून बघायचे. "भाई, पानी पिया? पिया तो बोतल भरा क्यूँ है?" कामगारांनी त्यांचं नाव पानीवाला साहब ठेवलं होतं. त्यांच्या साइटवर उन्हाने आडवा झालेला माणूस एकही नाही, हे ते कधी सांगत नाहीत. मला कळलं ते बिहारमधल्या कुणा फोरमनचा फोन त्यांच्या वतीने मी घेतला तेव्हा. गावी परत जाऊन सहा वर्षं झालेला तो माणूस दर दिवाळीला फोन करतो आणि साहेबांनी पाणी प्यायलं का, हे विचारतो.

तर हा माणूस साइटवरून घरी आला की त्याच्या अंगातला सेफ्टी ऑफिसर काही जॅकेटबरोबर खुंटीला लटकत नाही. त्याच्या तावडीत मग त्या अकरा कोंबड्या सापडतात.

साइटवर काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून दिवसभरातले धोके सांगतात, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. काका खुराड्यासमोर रोज टूलबॉक्स टॉक देतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकते. "गुड मॉर्निंग. आज तापमान नऊ, वारा उत्तरेकडून. कालचा निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, सांगतो. चार नंबर पाण्याच्या भांड्याच्या काठावर चढली होती. हे चालणार नाही. थंडीत ओले पाय म्हणजे आमंत्रण आहे." चार नंबर त्या वेळी पंखाखाली चोच खुपसून उवा शोधत असते. त्यांनी कोंबड्यांना नावं ठेवलेली नाहीत, पायात रंगीत कड्या घालून नंबर दिलेत. नाव ठेवलं की माणूस पक्षपात करतो, असं त्यांचं म्हणणं.

पण थंडीपेक्षाही त्यांचा खरा ध्यास पाण्याचा. "उन्हाळ्यात सगळे पाणी पितात हो, मेधाताई," ते मला समजावतात, "तहान आठवण करून देते. हिवाळ्यात तहान लागत नाही, तेव्हाच माणूस आतून सुकतो. कोंबडीचंही तेच. गार पाण्याला ती तोंड लावत नाही आणि पाणी नाही प्याली की अंगात ऊब धरत नाही." म्हणून दिवसातून तीनदा कोमट पाणी. बोट बुडवून बघायचं, आपल्या बाळाच्या आंघोळीचं बघतो तसं. पाण्यात काकडीचे तुकडे तरंगत ठेवायचे, म्हणजे चोच मारता मारता दोन घोट जातात. ही युक्ती मी इरावर वापरून बघितली, ती काकडी खाऊन मोकळी झाली.

साइटवर कामगारांच्या बाथरूममध्ये लघवीच्या रंगांचा तक्ता लावलेला असतो. रंग फिका तर ठीक, गडद झाला तर पाणी कमी पडतंय. काकांनी त्याच धर्तीवर कोंबड्यांच्या शिटेचा तक्ता तयार केला. रंगीत, लॅमिनेट केलेला. तो दाखवायला ते आमच्याकडे आले तेव्हा आम्ही वरणभात जेवत होतो. माझ्या नवऱ्याने ताटावरून उठून जाऊन त्यांना बाहेरच्या बाहेर दाद दिली आणि परत आल्यावर वरण नको म्हणाला.

दुबईच्या करामाहून कधी सुट्टीला आमची मित्रमंडळी येतात. त्यांना आधी काकांच्या दारावरून यावं लागतं, आणि काका प्रत्येकाच्या हातात पाण्याचा ग्लास देतात. रिकामा झाल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. एकाने चेष्टेने विचारलं, "काका, व्हॅसलीनचा खर्च किती येतो?" काकांना चेष्टा कळत नाही, हा त्यांचा मोठाच गुण. "महिन्याला तीन डब्या. एकवीस दिरहॅम. म्हणजे पाचशेच्या आसपास रुपये," ते म्हणाले. "आणि एका तुऱ्याची किंमत किती, ते सांगा." तुऱ्याचा भाव कुणाला माहीत असणार?

घरी काका एकटेच. काकू वर्षातले नऊ महिने नाशिकला असतात, आपल्या नव्वदीच्या आईजवळ. मुलगी सायली इथेच वाढली, इथल्याच शाळेत शिकली आणि तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी कॅनडात एडमंटनला गेली. दर शुक्रवारी तिचा फोन येतो. भिंत पातळ आहे, त्यामुळे मला तो ऐकू येतो, आणि खरं सांगायचं तर ऐकण्यासारखं त्यात काही नसतं. "पाणी पितेस ना?" "येस बाबा." "कानाला काही बांधतेस ना?" "बाबा, आय ॲम फाइन." "बरं." खलास, संपला फोन.

आता त्या हिवाळ्याकडे येते. आदल्या वर्षी थंडीत तीन कोंबड्या मेल्या होत्या. कशाने, ते देव जाणे. बहुधा म्हातारपणाने असावं, पण अबू राशिद वैतागला होता. नोव्हेंबरमध्ये येऊन त्याने काकांना बजावलं, "सबनीस, इस सर्दी में एक भी मुर्गी मरा, तो खलास. मुर्गीखाना बंद. मैं इधर पंप का सामान रखेगा." काकांनी लगेच डायरीत लिहून घेतलं. फेब्रुवारीअखेर अकराच्या अकरा. त्या दिवसापासून त्यांच्या चेहऱ्यावर, एखाद्या पुलाचं काम अंगावर घेतल्यासारखी काळजी दिसायला लागली. मला तेव्हा हसू यायचं. एका खुराड्यासाठी इतकं काय, असं मी नवऱ्याला म्हटलंही होतं.

जानेवारीत थंडी वाढली. मोकळ्या वाळवंटात पहाटे गारठा उतरतो, तो शहरातल्यांना कळत नाही. काकांनी साइटवरून जाड ताडपत्री आणली आणि खुराडं चारही बाजूंनी असं आवळून बांधलं की मुंगीला आत जायला परवानगी काढावी लागली असती. आत नेहमीच्या एका भांड्याऐवजी कोमट पाण्याची दोन मोठी भांडी ठेवली. उगाच कुणी तहानलेलं राहायला नको. संध्याकाळी कमरेवर हात ठेवून त्यांनी आपल्या कामाकडे बघितलं आणि मला म्हणाले, "आता वारा आत जाऊन दाखवू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी इरा ओरडतच आली. बाहेर बागेच्या बादलीतल्या पाण्यावर बर्फ धरला होता. पापडाएवढा पातळ, पण बर्फच. तिने तो उचलून सूर्यासमोर धरला, नवऱ्याने फोटो काढला, आणि मी मनातल्या मनात काकांची माफी मागितली. तीन हिवाळे आम्ही या माणसाला हसत होतो आणि शेवटी तोच खरा ठरला होता.

काका मात्र बादलीकडे बघायलाही थांबले नाहीत. ताडपत्री सोडून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी वाकून बघितलं. आत सगळं ओलं. ताडपत्रीच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत होतं, लाकडं ओली, पिसं ओली. अकरा कोंबड्यांचा श्वास आणि दोन भांड्यांची वाफ, बाहेर जायला फटच ठेवली नव्हती. दहा जणी ठीक होत्या. सात नंबर, जिचा तुरा सगळ्यांत उंच, ती कोपऱ्यात लोखंडी जाळीला टेकून बसली होती. ओला तुरा गार लोखंडावर रात्रभर राहिला होता. आदल्या सकाळी तिने मान झटकून व्हॅसलीनही लावू दिलं नव्हतं. तिच्या तुऱ्याचं टोक पांढरंफटक पडलं होतं. सबनीसकाका ज्याला तीन वर्षं घाबरत होते, तो हिमदंश झाला होता. आणि तो त्यांच्याच ताडपत्रीने केला होता.

"चोळू नका," मी म्हटलं, कारण त्यांचा हात तिकडे चालला होता. माणसांच्या हिमदंशाबद्दल जे पुस्तकात वाचलं होतं तेच सांगितलं. घासायचं नाही, शेकायचं नाही, कोरडं ठेवायचं आणि पाणी पाजत राहायचं. काकांनी मान हलवली. हात मागे घेऊन ते ओल्या जमिनीवरच बसले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं, आणि मला माझ्या सगळ्या टिंगलीची लाज वाटली.

त्यांनी तीन दिवस रजा काढली. अठ्ठावीस वर्षांत आजारपणाचीही रजा न घेणाऱ्या माणसाने ऑफिसला काय कारण सांगितलं असेल, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. सात नंबरला त्यांनी आपल्या हॉलमध्ये खोक्यात ठेवलं. ती काही खाईना, पाण्याला तोंड लावेना. काका मांडी घालून तिच्यापुढे बसायचे आणि दर वीस मिनिटांनी ड्रॉपरने चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडायचे. घड्याळात गजर लावलेला. ड्रॉपर मीच फार्मसीतून आणून दिला होता. तिच्या तुऱ्याचं टोक पांढऱ्याचं करडं झालं, करड्याचं काळं. चौथ्या दिवशी सकाळी ड्रॉपर पुढे केला तर तिने तो बाजूला ढकलला, वाटीत चोच घातली आणि मान वर करून पाणी प्याली. काका मला बोलवायला आले ते अनवाणी.

तुऱ्याचं टोक गेलं, पण कोंबडी जगली. मी म्हटलं, सुटलो. शुक्रवारी अबू राशिद यायचा होता. "काका, तुम्ही काही बोलू नका," मी त्यांना बजावलं. "अकरा मोजेल आणि जाईल. कुणाचा तुरा किती उंच होता हे त्याच्या कुठे लक्षात आहे?"

"मेधाताई," ते म्हणाले, "ज्याचा रिपोर्ट होत नाही, तो अपघात पुन्हा होतो."

आणि त्यांनी खरोखरच रिपोर्ट लिहिला. साइटवरचाच फॉर्म, इंग्रजीत. जखमी व्यक्ती, सात नंबर. जबाबदार व्यक्ती, श्री. सबनीस. अशा रिपोर्टच्या शेवटी एकाखाली एक पाच चौकटी असतात. प्रत्येकीत 'का' एवढाच प्रश्न. एका 'का'चं उत्तर दिलं की पुढची चौकट त्या उत्तरालाच 'का' विचारते, म्हणजे माणूस वरवरच्या कारणावर थांबत नाही.

शुक्रवारी सकाळी अबू राशिद खजुराखाली खुर्ची टाकून बसला. काकांनी त्याच्यापुढे कागद धरला. त्याला चष्म्यातूनही इंग्रजी जमेना, म्हणून त्याने तो माझ्याकडे दिला. "तुम पढ़ो. हिंदी में बोलो."

मी वाचत गेले. तुरा का गोठला, कारण तो ओला होता. ओला का झाला, कारण खुराड्यात हवा जायला जागा नव्हती. जागा का नव्हती, कारण जबाबदार व्यक्तीने ताडपत्री घट्ट बांधली. घट्ट का बांधली, कारण जबाबदार व्यक्तीला थंडीची गरजेपेक्षा जास्त भीती आहे, या भागात हिमदंशाची एकही नोंद नसताना. इथवर मी बऱ्यापैकी सफाईने आले. पाचव्या चौकटीत इंग्रजी संपलं होतं. तिथे मराठी होतं, बारीक अक्षरात.

मी ते आधी मनात वाचलं आणि काकांकडे बघितलं. ते खाली जमिनीकडे बघत होते. "वाचा," म्हणाले. "रिपोर्ट अर्धा वाचत नाहीत."

मग मी हिंदीत सांगितलं. मागच्या जानेवारीत बसची वाट बघताना मुलीच्या कानाला हिमदंश झाला. तिने मला दोन महिन्यांनी सांगितलं. मी विचारतो तेव्हा ती ठीक आहे म्हणते. तिच्यापर्यंत माझा हात पोचत नाही. कोंबड्यांपर्यंत पोचतो.

तीन वर्षं खिडकीतून ज्याची मजा बघत होते, तो माणूस रोज सकाळी काय करत होता ते मला आत्ता कळत होतं.

अबू राशिदने हातातल्या जपमाळेचे मणी एकेक करून ओढले. मग त्याने विचारलं, "मुर्गी मरा?"

"नहीं," काका म्हणाले.

"तो मुर्गीखाना रहेगा. मैंने जो बोला, वो बोला." त्याने कागद घेतला, घडी घातली आणि काकांच्या जॅकेटच्या खिशात खोचला. "लेकिन सबनीस, एक बात बताओ. ये बेटी को बताया?"

"नहीं."

"मालिक को लिख के दिया, और बेटी को नहीं बताया?"

काकांनी खिशातला कागद चाचपला. अबू राशिदने खुर्चीत पाय लांब केले. "फोन करो. यल्ला. मैं बैठा है."

तिकडे अजून गुरुवारची रात्र होती. सायलीने लगेच उचलला. ठरलेल्या वेळेआधी फोन आल्यामुळे ती घाबरली असावी. "बाबा? सगळं ठीक आहे ना?" कानटोपीमुळे काकांना नीट ऐकू येत नाही, म्हणून ते कायम स्पीकरवरच बोलतात. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"हो, ठीक आहे," काका म्हणाले. मला वाटलं, आता पाण्याचं विचारतील आणि बरं म्हणून ठेवतील. पण ते म्हणाले, "सायली, मला तुझी फार काळजी वाटते गं. रोज वाटते. दिवसभर वाटते."

अबू राशिदला शब्द कळले नसणार, पण त्याचे मणी थांबले होते. मग सायलीचा आवाज आला, नेहमीचा घाईचा नव्हे, लहान झालेला. "आय नो, बाबा." आणि थोड्या वेळाने, मराठीत, "माझा कान अजून दुखतो. बाहेर पडलं की ठणकतो. तुम्ही टेन्शन घ्याल म्हणून बोलले नाही. काय लावू मी त्याला?"

या एका प्रश्नाचं उत्तर ज्याने तीन वर्षं तोंडपाठ केलं होतं, त्या माणसाने तोंड उघडलं आणि त्यातून शब्दच फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "मेधाताई, तुम्ही सांगा. तुम्ही औषधांतल्या."

मला उत्तर येत होतं. माझा तो धंदाच आहे. मी फोन घेतला, आणि परत त्यांच्याच हातात ठेवून त्यांची बोटं त्यावर मिटवली.

"तिने तुम्हाला विचारलंय, काका," मी म्हटलं.